आयबीएम आय (एएस/४००) वरच्या ‘ग्रुप बाय’च्या चुका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एएस/४०० हे मशीन १९८८ साली आलं. पुढे त्याची नावं आयसीरीज, सिस्टिम आय अशी बदलत गेली, आणि २००८ पासून त्याची ऑपरेटिंग सिस्टिम आयबीएम आय म्हणून ओळखली जाते. आत बसलेला डीबी२ हा डेटाबेस मात्र तोच, आणि त्याच्यावर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) लिहिताना, विशेषतः ओळींचे गट पाडणाऱ्या ‘ग्रुप बाय’मध्ये, अडखळण्याच्या जागाही त्याच. पुण्या-मुंबईत बसून दूरच्या देशांतल्या कारखान्यांची नि गोदामांची ही मशीनं सांभाळणाऱ्या मुलामुलींकडून मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

उदाहरणांसाठी मुख्यतः एकच फाइल धरली आहे : बिलपीएफ, म्हणजे बिलांची फाइल. तिचे कॉलम शाखा, कस्टनो (ग्राहक क्रमांक), कस्टनाव (ग्राहकाचं नाव), बिलनो, बिलतारीख आणि रक्कम. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. पडद्यावर त्या नेहमीच्या इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या.

१. एसक्यूएल०१२२ ही चूक येते. ती नक्की काय सांगते?

तुम्ही लिहिलंत : सिलेक्ट शाखा, कस्टनाव, सम(रक्कम) फ्रॉम बिलपीएफ ग्रुप बाय शाखा. उत्तर येतं की कस्टनाव हा कॉलम सिलेक्टच्या यादीत चालणार नाही.

ग्रुप बाय शाखा म्हटल्यावर निकालात एका शाखेची एकच ओळ येणार. त्या शाखेत चारशे ग्राहक असतील, तर त्या एका ओळीत नाव कोणाचं छापायचं? मशीनला ते ठरवता येत नाही, म्हणून ते थांबतं. नियम असा : सिलेक्टमधला प्रत्येक कॉलम एकतर ग्रुप बायमध्ये हवा, नाहीतर सम, मॅक्स, मिन, काउंट, अॅव्हरेज अशा एखाद्या फंक्शनच्या आत हवा. ग्रुप बाय अजिबात न लिहिता शाखा आणि सम(रक्कम) शेजारी ठेवलं, तरी हीच चूक येते. तेव्हा अख्खी फाइल हाच एक गट असतो.

क्वेरी दुरुस्त करायला घेण्याआधी कागदावर एक वाक्य लिहा : “निकालाच्या एका ओळीत एक काय?” एक शाखा, एक ग्राहक, की एका शाखेतला एक ग्राहक? हे वाक्य पूर्ण झालं की ग्रुप बाय आपोआप लिहून होतो. खालच्या निम्म्याहून अधिक प्रश्नांचं मूळ हे वाक्य न लिहिण्यात आहे.

२. पूर्ण संदेश कुठे वाचायचा? मला एकच ओळ दिसते.

एसटीआरएसक्यूएल या आज्ञेने उघडणाऱ्या ग्रीन स्क्रीनवर (जुन्या अक्षरी पडद्यावर) कर्सर त्या संदेशावर नेऊन एफ१ दाबा. दुसऱ्या पातळीवरचा मजकूर उघडतो आणि त्यात कारण नि उपाय दोन्ही असतात. बॅच जॉबमध्ये (पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या कामात) चूक आली असेल तर डीएसपीजॉबलॉग या आज्ञेने त्या कामाची नोंद पाहा. अॅक्सेस क्लायंट सोल्युशन्सच्या ‘रन एसक्यूएल स्क्रिप्ट्स’मध्ये हाच मजकूर निकालाच्या खाली येतो. जावा प्रोग्रॅममधून आलात तर एसक्यूएलस्टेट ४२८०३ दिसेल. चूक तीच, फक्त तिचा सर्वमान्य क्रमांक वेगळा.

३. एका कस्टमर नंबरला एकच नाव असतं. मग नाव पुन्हा ग्रुप बायमध्ये का टाकायचं? मायएसक्यूएलमध्ये तर चालत होतं.

मायएसक्यूएलच्या ५.७ च्या आधीच्या आवृत्त्यांत मूळ सेटिंग ढिलं होतं. तिथे गटातल्या कुठल्याही ओळीतलं नाव उचलून दाखवलं जायचं. ५.७ पासून तिथेही नियम कडक झाला. पोस्टग्रेस ९.१ पासून प्रायमरी की ग्रुप बायमध्ये असेल तर त्याच टेबलचे बाकीचे कॉलम चालवून घेतं. आपला डीबी२ तशी सूट देत नाही.

दोन वाटा आहेत. ग्रुप बाय कस्टनो, कस्टनाव असं लिहा, किंवा मॅक्स(कस्टनाव) घ्या. मला पहिली वाट पसंत आहे, कारण ती लपलेला दोष उघड करते. बिलपीएफसारख्या व्यवहाराच्या फाइलमध्ये नाव बिल बनताना उतरवलेलं असतं. ग्राहकाने मध्येच नाव बदललं असेल तर एका नंबरच्या दोन ओळी येतील आणि तुम्हाला ते कळेल. मॅक्स वापरलं तर ते झाकलं जाईल. खरं तर नाव मास्टर फाइलमधूनच (ग्राहकांच्या मूळ यादीतूनच) घ्यावं. बेरीज आधी करा आणि मग मास्टरशी जॉइन करा, म्हणजे कस्टनोवर जोडा. त्याची रीत प्रश्न १३ मध्ये आहे.

४. चूक जावी म्हणून सगळे कॉलम ग्रुप बायमध्ये टाकले. चूक गेली, पण आता ओळीच ओळी येतात.

हा उपाय सर्रास केला जातो आणि तो चुकीचा आहे. बिलतारीख ग्रुप बायमध्ये घातलीत की गट “एक ग्राहक” राहत नाही, “एका ग्राहकाचा एक दिवस” होतो. बिलनो घातलात तर प्रत्येक बिल स्वतंत्र गट होतं आणि बेरीज उरतच नाही.

शेवटच्या बिलाची फक्त तारीख हवी असेल तर मॅक्स(बिलतारीख) पुरतं. पण शेवटच्या बिलाची तारीख, नंबर आणि रक्कम अशी तिन्ही हवी असतील तर तीन वेगवेगळे मॅक्स लावू नका. तारीख एका बिलाची, रक्कम दुसऱ्या बिलाची असं कडबोळं होईल, आणि कुठलीही चूक दिसणार नाही. तिथे रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय कस्टनो ऑर्डर बाय बिलतारीख डीईएससी, बिलनो डीईएससी) अॅज क्रम असा कॉलम आतल्या क्वेरीत काढा आणि बाहेर क्रम = १ निवडा. ही सोय ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्ही५आर४ या आवृत्तीपासून आहे.

५. सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव ग्रुप बायमध्ये वापरलं तर एसक्यूएल०२०६ (कॉलम सापडत नाही) येते. कॉलम तर समोर दिसतोय!

क्वेरी आपण सिलेक्टपासून वाचतो, पण तिचा अर्थ वेगळ्या क्रमाने लागतो : आधी फ्रॉम, मग व्हेअर, मग ग्रुप बाय, मग हॅविंग, त्यानंतर सिलेक्ट आणि शेवटी ऑर्डर बाय. ग्रुप बायची पाळी येते तेव्हा सिलेक्टमधलं टोपणनाव जन्मालाच आलेलं नसतं. ऑर्डर बाय सिलेक्टनंतर असल्यामुळे तिथे मात्र ते चालतं. ग्रुप बायमध्ये पूर्ण सूत्र पुन्हा लिहा, किंवा सूत्र विथच्या आतल्या क्वेरीत (मुख्य क्वेरीआधी नाव देऊन लिहिलेल्या छोट्या क्वेरीत) काढून बाहेर त्या नावावर गट करा. सूत्र लांबलचक असेल तर दुसरी वाटच बरी. दोन जागी लिहिलेल्या सूत्रापैकी एकच कधीतरी बदललं जातं.

६. एक लाखावरचे ग्राहक हवेत. व्हेअर सम(रक्कम) > १००००० लिहिलं तर एसक्यूएल०१२० का?

वरचाच क्रम पाहा. व्हेअर चालतं तेव्हा गट पडलेले नसतात, मग बेरीज कुठून येणार? गटांना लावायची अट हॅविंगमध्ये जाते : हॅविंग सम(रक्कम) > १०००००. उलट, हॅविंग बिलतारीख > अमुक असं लिहिलंत तर एसक्यूएल०११९ येईल, कारण गटाला एक अशी बिलतारीख नसते. थोडक्यात, एका बिलाबद्दलची अट व्हेअरमध्ये आणि गटाबद्दलची हॅविंगमध्ये.

शाखा ग्रुप बायमध्ये असेल तर हॅविंग शाखा = ‘०१’ चालतं. तरीही ती अट व्हेअरमध्येच लिहावी. नको त्या ओळी आधीच गळतात आणि वाचणाऱ्यालाही हेतू कळतो.

७. तारीख ८ अंकी संख्या आहे. महिन्यानुसार गट करायला बिलतारीख/१०० वर ग्रुप बाय केलं, तरी प्रत्येक दिवस वेगळा येतो.

जुन्या फाइलींमध्ये तारीख ही तारीख नसते, २०२४०४१५ अशी डेसिमल संख्या असते. डेसिमलला १०० ने भागलं की उत्तर २०२४०४.१५ येतं, आणि दिवस अपूर्णांकात शाबूत राहतो. कॉलम इंटिजर असता तर अपूर्णांक गळला असता. म्हणूनच एका फाइलवर हीच क्वेरी चालते आणि दुसरीवर चालत नाही. दोन्हीकडे इंट(बिलतारीख/१००) लिहा, सिलेक्टमध्येही आणि ग्रुप बायमध्येही.

सात अंकी, शतकाचा अंक पुढे असलेली तारीख असेल तर १२४०४१५ मधून १२४०४ मिळेल. गट बरोबर पडतील, फक्त छापताना त्यात १९०००० मिळवा म्हणजे २०२४०४ दिसेल.

८. आर्थिक वर्षानुसार, एप्रिल ते मार्च, गट कसे पाडायचे?

कॉलम खऱ्या तारखेच्या प्रकारचा असेल तर इयर(बिलतारीख - ३ मंथ्स). १ एप्रिल २०२४ मधून तीन महिने वजा केले की १ जानेवारी २०२४, आणि ३१ मार्च २०२४ मधून केले की ३१ डिसेंबर २०२३. केस व्हेनची चार ओळींची शिडी दोनदा लिहावी लागत नाही.

९. सिलेक्ट आणि ग्रुप बायमध्ये अक्षरन् अक्षर सारखं सूत्र आहे. ग्रीन स्क्रीनवर चालतं, प्रोग्रॅममधून एसक्यूएल०१२२ येते!

हा प्रश्न माणसाचा अख्खा दिवस खातो, म्हणून जरा सविस्तर.

प्रोग्रॅममध्ये सूत्राच्या आत होस्ट व्हेरिएबल (प्रोग्रॅममधलं, आधी : लावून लिहिलेलं व्हेरिएबल) किंवा प्रश्नचिन्ह असणार. उदाहरणार्थ, सबस्ट्रिंग(खाते, १, :लांबी) हे सिलेक्टमध्ये आणि तेच ग्रुप बायमध्ये. तुमच्या लेखी दोन्हीकडे तेच व्हेरिएबल आहे. डीबी२च्या लेखी ते दोन स्वतंत्र मार्कर, म्हणजे नंतर किंमत भरायच्या दोन मोकळ्या जागा, आहेत. त्यांत चालवताना वेगवेगळ्या किमती येणार नाहीत याची खात्री त्याला क्वेरी तयार करताना देता येत नाही, म्हणून दोन्ही सूत्रं वेगळी मानली जातात. ग्रीन स्क्रीनवर तुम्ही व्हेरिएबलच्या जागी ३ हा आकडा टाकून तपासलंत. आकडे सारखे दिसतात, म्हणून तिथे चूक येत नाही.

उपाय : मार्कर एकदाच येऊ द्या. विथ क अॅज (सिलेक्ट सबस्ट्रिंग(खाते, १, :लांबी) अॅज मूळखाते, रक्कम फ्रॉम लेजर) सिलेक्ट मूळखाते, सम(रक्कम) फ्रॉम क ग्रुप बाय मूळखाते. जावा किंवा डॉट नेटमधून केस व्हेन शाखा = ? असं सूत्र पाठवताना येणारी अडचण हीच आहे आणि तिचा उपायही हाच.

१०. सर्वांत मोठी शाखा-बेरीज हवी. मॅक्स(सम(रक्कम)) का चालत नाही?

एका गट-फंक्शनच्या पोटात दुसरं घालता येत नाही. एसक्यूएल०११२ येते. आत शाखेनुसार बेरीज काढा, बाहेर तिचा मॅक्स घ्या. काउंट(डिस्टिंक्ट शाखा, कस्टनो) अशी दोन कॉलमची मोजणीही इथे जमत नाही. आत सिलेक्ट डिस्टिंक्ट शाखा, कस्टनो आणि बाहेर काउंट(*).

११. बेरीज करताना एसक्यूएल०८०२ येते, काही ओळींत अधिकची चिन्हं ++++ दिसतात. ग्रुप बाय चुकलं का?

नाही, इथे डेटा खराब आहे. डीडीएसने (फाइलची रचना लिहिण्याच्या जुन्या पद्धतीने) बनवलेल्या फाइलमध्ये जुना प्रोग्रॅम रकमेच्या जागी कोरी अक्षरं लिहू शकतो. तिथे तपासणी लिहिताना होत नाही, वाचताना होते. त्यामुळे वीस वर्षं कोणाला न टोचलेली ओळ तुमच्या पहिल्याच बेरजेला आडवी येते. कारण क्रमांक ६ असेल तर अवैध संख्या समजा.

अशा ओळी शोधायला आतले बाइट जसेच्या तसे दाखवणारं हेक्स फंक्शन वापरा : व्हेअर हेक्स(रक्कम) लाइक ‘%४०४०%’. एबसिडिकमध्ये (या मशीनच्या अक्षरसंकेतात) कोरी जागा म्हणजे ४०. मात्र ४०४० हे आकडे चांगल्या पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक बसवलेल्या) संख्येतही येऊ शकतात, म्हणून सापडलेल्या ओळी डोळ्यांनी पाहून मगच दुरुस्त करा. ओळी नुसत्या वगळून अहवाल पुढे ढकलू नका. ती कोणाची तरी रक्कम आहे.

याच क्रमांकाची चूक दुसऱ्या कारणानेही येते. इंटिजर कॉलमची बेरीज इंटिजरच राहते आणि २१४७४८३६४७ च्या पुढे गेली की ओसंडते. सम(बिगइंट(नग)) लिहा. अॅव्हरेजचंही तसंच : इंटिजरची सरासरी अपूर्णांक टाकून देते. आधी डेसिमलमध्ये बदला.

१२. आरपीजी या प्रोग्रॅमिंग भाषेत सिलेक्ट सम(रक्कम) इनटू वापरलं. एसक्यूएलकोड (आज्ञेचं काय झालं ते सांगणारा आकडा) कधी -३०५, कधी १००, कधी -८११. नेमकं काय चाललंय?

तिन्हींचा उलगडा ग्रुप बायमध्येच आहे.

ग्रुप बाय नसेल आणि अटीत एकही ओळ बसली नाही, तरी निकालाची एक ओळ येतेच. काउंट शून्य, पण सम नल, म्हणजे किंमतच नाही. नल ठेवायला इंडिकेटर व्हेरिएबल दिलं नसेल तर -३०५. त्यावर नलच्या जागी शून्य देणारं कोलेस(सम(रक्कम), ०) पुरतं.

ग्रुप बाय असेल आणि ओळी नसतील, तर गटच नाहीत, म्हणून निकाल रिकामा आणि एसक्यूएलकोड १००. इथे कोलेस काही करू शकत नाही, कारण त्याला लावायला ओळच नाही. व्हेरिएबलमध्ये मागच्या फेरीची रक्कम तशीच राहते. एसक्यूएलकोड न तपासणारा प्रोग्रॅम तीच रक्कम पुढच्या ग्राहकाच्या नावे लिहितो. म्हणून आज्ञेच्या आधी व्हेरिएबल शून्य करा आणि नंतर कोड तपासा.

एकाहून अधिक गट आले तर -८११. तिथे निकालाच्या ओळी एकेक करून वाचणारा एसक्यूएल कर्सर हवा.

१३. चूक काहीच येत नाही, पण बेरीज दुप्पट-तिप्पट दिसते.

मला सर्वांत जास्त काळजी याच प्रकाराची वाटते. एसक्यूएल०१२२ निदान थांबवते तरी. इथे चुकीचा आकडा छापून साहेबांच्या टेबलावर जातो.

समजा एका बिलाची रक्कम १०,००० आणि त्यावर तीन पावत्या : ४,०००, ३,००० आणि ३,०००. बिलपीएफ पावतीपीएफशी बिलनोवर जॉइन केलं की ते बिल तीन ओळींत येतं. सम(बिल रक्कम) ३०,०००, सम(पावती) १०,०००, म्हणजे थकबाकी २०,००० दिसते. प्रत्यक्षात ग्राहकाने सगळे पैसे भरलेत. एका ठिकाणी अशा अहवालावरून पूर्ण पैसे दिलेल्या ग्राहकांना तगाद्याची पत्रं गेलेली मी पाहिली आहेत. ती क्वेरी दोन वर्षं विनातक्रार चालत होती, कारण तोवर एका बिलाला एकच पावती असायची.

सम(डिस्टिंक्ट रक्कम) हा यावर उपाय नव्हे. त्या ग्राहकाची १०,००० चीच दोन खरी बिलं असतील तर त्यातलं एक गायब होईल.

बरोबर रीत : आधी बेरीज, मग जॉइन. विथमध्ये एक क्वेरी बिलपीएफची कस्टनोवर बेरीज काढेल आणि दुसरी पावतीपीएफची. दोन्हींत आता एका ग्राहकाची एकच ओळ आहे. मग त्यांना कस्टनोवर लेफ्ट जॉइन करा, आणि पावती नसलेल्यांसाठी कोलेस(पावतीबेरीज, ०).

१४. बिल नसलेल्या ग्राहकाचीही मोजणी १ का येते? आणि निकालात एक बिननावाचा गट कुठून आला?

मास्टरला बिलपीएफ लेफ्ट जॉइन केलं की बिल नसलेल्या ग्राहकाचीही एक ओळ येते, बिलाचे कॉलम नल ठेवून. काउंट(*) ओळी मोजतं, म्हणून १. काउंट(बिलनो) नल सोडून मोजतं, म्हणून ०.

बिननावाचा गट नलचा असतो. व्हेअरमध्ये नल नलच्या बरोबर नसतं, पण ग्रुप बाय सगळे नल एकाच गटात टाकतं. कोऱ्या अक्षरांचा गट मात्र वेगळा. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखेच दिसतात.

१५. एकाच गावाचे दोन गट पडतात. मित्राच्या मशीनवर तीच क्वेरी एकच गट दाखवते.

जॉबचं सॉर्ट सिक्वेन्स (अक्षरांची तुलना कशी करायची हे ठरवणारं सेटिंग) पाहा. *हेक्स असेल तर एकाच गावाचं नाव इंग्रजी मोठ्या लिपीत आणि छोट्या लिपीत लिहिलेलं असलं की वेगळे गट होतात. *लँगआयडीएसएचआर असेल तर दोन्ही एकाच गटात जातात आणि त्यातलं कुठलंतरी एक रूप छापलं जातं. ग्रीन स्क्रीन आपलं सेटिंग जॉबकडून घेते, तर अॅक्सेस क्लायंट सोल्युशन्सचं कनेक्शनमध्ये वेगळं असतं, म्हणून हा फरक. अपर(ट्रिम(गाव)) वर गट केलात तर सेटिंगवर अवलंबून राहावं लागत नाही. शब्दाच्या शेवटच्या रिकाम्या जागांनी गट तुटत नाहीत, सुरुवातीच्या जागांनी तुटतात.

युनिकोड कॉलममध्ये मराठी नावं असतील तर आणखी एक खाचखळगा आहे. कऱ्हाडमधला अर्धा र दोन तऱ्हेने टाइप होतो : ऱ हे अक्षर वापरून, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर हुबेहूब, आत वेगळे, म्हणून गट दोन. पुन्हा हेक्स(गाव) काढून पाहा, फरक लगेच दिसेल. मग रिप्लेसने एक रूप दुसऱ्यात बदलून त्यावर गट करा.

१६. अपग्रेडनंतर ग्रुप बायचा निकाल क्रमाने येणं बंद झालं.

ग्रुप बाय क्रमाची हमी कधीच देत नव्हता. जुनं इंजिन बऱ्याचदा इंडेक्सवरून गट पाडायचं, त्यामुळे क्रम आयता मिळायचा. व्ही५आर२ पासून आलेलं नवं इंजिन हॅश टेबलनेही गट पाडतं, आणि त्यात क्रम राहत नाही. ऑर्डर बाय लिहा.

१७. शाखांच्या बेरजा आणि खाली एकूण, एकाच क्वेरीत होईल का?

होईल, ६.१ पासून : ग्रुप बाय रोलअप(शाखा, कस्टनो). एकूणच्या ओळीत शाखेच्या जागी नल येतं. फाइलमध्ये खरोखरची नल शाखा असेल (प्रश्न १४) तर दोन्हींत गोंधळ होतो, म्हणून ग्रुपिंग(शाखा) हा कॉलमही घ्या. १ म्हणजे एकूणची ओळ, ० म्हणजे खरा गट. प्रत्येक बिलाशेजारी शाखेची बेरीज हवी असेल तर गटच पाडू नका. ७.३ पासून सम(रक्कम) ओव्हर (पार्टिशन बाय शाखा) मिळतं.

१८. जुन्या सीएल (मशीनच्या आज्ञांची भाषा) प्रोग्रॅममध्ये ओपीएनक्यूआरवायएफ ही क्वेरीची आज्ञा आहे. तिथेही हेच नियम?

हेच, फक्त कपडे वेगळे. ग्रुप बायच्या जागी जीआरपीएफएलडी, हॅविंगच्या जागी जीआरपीएसएलटी, बेरीज एमएपीएफएलडीमध्ये %सम ने. फॉरमॅट म्हणून दिलेल्या फाइलमधलं प्रत्येक फील्ड एकतर गटाचं किंवा बेरजेचं असावं लागतं. तिथे मूळ बिलपीएफच फॉरमॅट म्हणून दिली की प्रश्न १ ची चूक वेगळ्या क्रमांकाने समोर येते. निकालापुरती छोटी फाइल बनवा आणि तिचं नाव द्या.

१९. अहवाल पाठवण्याआधी बेरीज बरोबर आहे हे कसं तपासू?

जॉइन आणि ग्रुप बाय काढून, तीच व्हेअर अट ठेवून, एकट्या बिलपीएफवर काउंट(*) आणि सम(रक्कम) चालवा. मग अहवालाच्या क्वेरीत काउंट(बिलनो) जोडून सगळ्या गटांची बेरीज घ्या. दोन्ही आकडे जुळायला हवेत. अहवाल जास्त दाखवत असेल तर प्रश्न १३. कमी दाखवत असेल तर साध्या जॉइनने मास्टरमध्ये नसलेल्या ग्राहकांची बिलं गळली असतील. बिलपीएफ मास्टरला एक्सेप्शन जॉइन करून पाहा, नेमकी तीच बिलं समोर येतील.